विजेचा तोल

धान्य पिकलें कीं तें कणगींत भरून ठेवतां येतें. पाऊस पडला कीं त्याचें पाणी तळ्यांत अडवितां येतें. पैसा हातीं आला कीं तो पेटींत घालून कुलूप लावतां येतें. विजेची तऱ्हा मात्र अगदीं निराळी आहे. ज्या क्षणीं ती निर्माण होते त्याच क्षणीं ती कोठें तरी खर्च व्हावी लागते. तारेंत तिचा सांठा होत नाहीं. मुंबईंत एखाद्या घरीं दिवा लागला कीं त्या दिव्यापुरती वीज दूरच्या एखाद्या केंद्रांत तत्काळ अधिक उत्पन्न करावी लागते, आणि दिवा मालवला कीं तितकीच कमी करावी लागते. उत्पत्ति आणि खप यांच्या तागडीचा कांटा असा अष्टौप्रहर मध्यावर उभा ठेवणें, हें विद्युत्-व्यवस्थेंतील सर्वांत अवघड काम होय. हा कांटा आजपर्यंत कसा संभाळला गेला, तो केव्हां ढळला, आणि वारा व ऊन यांपासून वीज मिळूं लागल्यावर त्याच्या रक्षणाचा प्रश्न कोणत्या रूपानें पुढें आला, याचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे. महाराष्ट्रांत त्याचा आरंभ सह्याद्रीच्या माथ्यावर झाला.

हा तोल मोजतात कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. एका तारांच्या जाळ्यास जोडलेलीं जनित्रें, मग तीं पाण्याच्या धारेनें फिरत असोत कीं कोळशावर केलेल्या वाफेनें, सर्व एकाच ठेक्यांत फिरतात. त्यांच्या फिरण्याबरोबर तारेंतील प्रवाह मागेंपुढें होत असतो, आणि अशीं पूर्ण आवर्तनें दर सेकंदास ५० व्हावीं असा भारतांतील दंडक आहे. मळणीच्या खळ्यावर तिवड्याभोवतीं एका पातींत बांधलेले बैल डोळ्यांपुढें आणावे. पायांखालीं कणसांचा थर जाड झाला कीं सर्वांचीच चाल मंदावते. खळें मोकळें झालें कीं सर्वांचीच वाढते. त्याचप्रमाणें आवर्तनांचा आंकडा ५० च्या खालीं घसरूं लागला म्हणजे खप अधिक व उत्पत्ति कमी असें समजावें, आणि वर चढला म्हणजे त्याच्या उलट. घसरण फार झाली तर यंत्रांस अपाय होऊं नये म्हणून जनित्रें आपोआप जाळ्यापासून सुटीं होतात. सुटलेल्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, मग तींही सुटतात, आणि पाहतां पाहतां सारा प्रांत अंधारांत बुडतो.

या दृष्टांतांत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जड बैल एकदम थांबत नाहीं. फिरत्या जनित्रांचें प्रचंड वजनही अकस्मात् बसलेल्या धक्क्यानंतर कांहीं क्षण आपली गति टिकवून धरतें, आणि तेवढ्या अवधींत सावरण्यास सवड मिळते. ही सवड फार थोडी, कांहीं सेकंदांचीच असते. परंतु सारें जाळें तगणें किंवा कोसळणें तीवरच अवलंबून असतें.

घाटमाथ्यावर कोसळणारें पावसाचें पाणी अडवावें आणि त्यापासून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं मनांत धरली होती. १९०४ सालीं त्यांचें निधन झालें; पण त्यांच्या पश्चात् त्यांच्या पुत्रांनीं ती तडीस नेली. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें वळवण धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत खोपोलीचें केंद्र सुरू झालें. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांतील पाणी मोठ्या नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस उतरे, तेथें चक्रें फिरवी, आणि तीं फिरतांच वीज तारांवरून मुंबईची वाट धरी.

या पाण्याचा एक गुण असा कीं तें आज्ञाधारक असतें. चार महिन्यांत तलाव भरावा आणि बाराही महिने तो जपून वापरावा. सकाळीं गिरण्या चालू झाल्या कीं नळाची झडप अधिक उघडावी. सायंकाळीं त्या थांबल्या कीं ती मिटावी. कोळशाचें केंद्र थंड पडलें तर पुन्हां वाफ धरण्यास त्यास कित्येक तास लागतात. पाण्याचें केंद्र कांहीं मिनिटांत पूर्ण जोरानें चालूं लागतें. निसर्गाच्या शक्तीपासून निघालेली महाराष्ट्रांतील ही पहिली मोठी वीज अशा रीतीनें तोल संभाळण्यासही सर्वांत सोयीची ठरली.

परंतु ही सोय फुकट मिळालेली नव्हती. खोपोलीमागून १९२२ सालीं भिवपुरीचें आणि १९२७ सालीं भिऱ्याचें केंद्र चालू झालें. भिऱ्यास पाणी पुरविण्यासाठीं पुणें जिल्ह्यांत मुळशी येथें मुळा नदीवर धरण बांधावयाचें ठरलें, आणि मावळांतील सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर पाणी येणार असें दिसूं लागलें. पिढ्यान् पिढ्या कसलेलीं भाताचीं खाचरें सरकारनें कायद्यानें घ्यावीं आणि कंपनीच्या स्वाधीन करावीं, हें मावळ्यांस मान्य होईना. १९२१ सालीं त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं त्याचें नेतृत्व केलें. स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले. बापटांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं याच लढ्यांत दिली. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालें आणि गांवें गेलीं. मुंबईच्या दिव्यांचा तोल ज्या पाण्यानें संभाळला, त्याच्या तळाशीं कोणाची तरी शेतें होतीं, ही गोष्ट या इतिहासांत विसरतां येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर त्याच मार्गानें कोयना उभी राहिली. सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत धरण बांधून पाणी बोगद्यानें पश्चिमेस वळविलें, आणि कोंकणच्या बाजूस पोफळी येथें खडकाच्या पोटांत केंद्र बसविलें. १९६२ सालीं त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढें टप्प्याटप्प्यानें कोयनेची शक्ति १,९०० मेगावॅटांहून अधिक झाली. सायंकाळीं घराघरांतून दिवे लागतात व मागणी एकाएकीं चढते, त्या वेळीं राज्याचा हात धरणारें केंद्र म्हणून कोयनेचें नांव झालें.

तथापि एकाच आधारावर फार विसंबूं नये, हा धडाही कोयनेनेंच दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपानें हादरलें. सुमारें पावणेदोनशें माणसें प्राणांस मुकलीं. धरणास भेगा पडल्या, पण तें उभें राहिलें; विजेचें केंद्र मात्र बंद पडलें, आणि दूर मुंबईपर्यंत अंधार झाला. एक केंद्र पडलें तर दुसऱ्यानें धांवून यावें, यासाठीं केंद्रें एकमेकांशीं जोडलेलीं असावीं लागतात. पातींत बैल अधिक असले म्हणजे एकाचा पाय मुरगळला तरी मळणी चालूं राहते.

भारतांत हें जोडकाम हळूहळू झालें. प्रथम राज्यें आपापल्या विभागांत जोडलीं गेलीं व पांच विभागीय जाळीं तयार झालीं. पूर्व व ईशान्य विभाग १९९१ सालीं एका ठेक्यांत आले. पश्चिम विभाग २००३ च्या मार्चमध्यें व उत्तर विभाग २००६ च्या ऑगस्टमध्यें त्यांस मिळाला. आणि शेवटीं ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट दाबाच्या तारमार्गानें दक्षिण विभागही त्या पातींत आला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचीं जनित्रें त्या दिवसापासून एकाच चालीनें फिरूं लागलीं. सोलापूरच्या माळावरून गेलेल्या त्या तारांनीं सारा देश विजेच्या दृष्टीनें एक केला.

परंतु जोडणें वेगळें आणि शिस्तीनें चालणें वेगळें. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं विभागांत विजेची टंचाई इतकी असे कीं आवर्तनें ४८ च्याही खालीं उतरत. आणि जेथें वीज शिल्लक असे तेथें तीं ५१ च्या वर जात. आपल्या वांट्याहून अधिक वीज ओढणाऱ्यास त्याची झळ लागत नसे. म्हणून नवा दरनियम करण्यांत आला व तो प्रथम पश्चिम विभागांत १ जुलै २००२ पासून लागू झाला. दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागांत कोणीं किती वीज द्यावी व किती घ्यावी, हें आगाऊ ठरावें. आवर्तनें उतरलेलीं असतां जो ठरल्याहून अधिक ओढील त्यास चढा दर पडावा, आणि अशा वेळीं जो आपला खप आवरील त्याचा लाभ व्हावा, असा तो नियम होता. त्याचा परिणाम दिसून आला. आवर्तनांचा आंकडा पुष्कळच स्थिर झाला, आणि पुढें २०१४ सालीं ४९.९० ते ५०.०५ एवढीच अरुंद मर्यादा ठरविण्यांत आली.

या दोन सुधारणांच्या मधल्या काळांत घडलेला एक अपघात मात्र सर्वांच्या स्मरणांत राहील. २०१२ च्या जुलैअखेर उत्तर विभागांत विजेची मागणी फार होती आणि पश्चिम विभागांत वीज शिल्लक होती. दोहोंस जोडणारे कांहीं तारमार्ग बंद असल्यामुळें बीना, ग्वाल्हेर व आग्रा या एका वाटेवर फार मोठा भार आला. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनीं ती वाट तुटली आणि सारा उत्तर विभाग अंधारांत गेला. दिवसभर खपून तो उभा केला, तोंच दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग एकदम कोसळले. सुमारें साठ कोटी लोकांच्या प्रदेशांतील वीज गेली. आगगाड्या वाटेंत उभ्या राहिल्या. बंगालमध्यें कोळशाच्या खाणींत दोनशेंच्या आसपास खाणकामगार अडकले व पुढें सुखरूप बाहेर आले. चौकशी समितीनें यंत्रांचे व तारांचे दोष दाखविलेच. पण त्याबरोबर असेंही दाखविलें कीं, अधिक वीज ओढूं नका अशा सूचना विभागीय केंद्रांनीं दिल्या असतांही त्यांचें पुरेसें पालन झालें नव्हतें. प्रत्येकानें आपल्यापुरतें थोडें अधिक घेतलें, आणि त्यामुळें सर्वांचेंच गेलें.

येथपर्यंतच्या इतिहासांत खप हाच काय तो चंचल होता. उत्पत्ति माणसाच्या हातांत होती. वारा आणि ऊन येतांच उत्पत्तिही चंचल झाली, आणि प्रश्नाचें रूपच बदललें. पाटण तालुक्यांतच, कोयनेच्या शिवसागराजवळ, वनकुसवड्याचें उंच पठार आहे. तेथें विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहूं लागल्या. खालीं माणसाच्या आज्ञेनें चालणारें पाणी, आणि वर आपल्या मर्जीनें वाहणारा वारा, असे दोघे शेजारी तेथें नांदत आहेत. पश्चिम महाराष्ट्रांत वारा पावसाळ्याच्या महिन्यांत भरास येतो आणि आश्विन उजाडतांच पडतो. नेमक्या त्याच सुमारास ऑक्टोबरचा उकाडा सुरू होऊन विजेची मागणी वाढते.

उन्हाची चाल याहून नियमित, पण याहून अवघड. सकाळीं तें चढतें, दुपारीं भर घालतें, आणि दिवेलागणीच्या ऐन वेळीं निघून जातें. जोंवर सौर वीज थोडी होती तोंवर हें जाणवलें नाहीं. परंतु २०२५ च्या जानेवारींत भारताची सौर विजेची शक्ति १ लक्ष मेगावॅटांवर गेली, आणि त्याच वर्षीं मार्चपर्यंत वाऱ्याची शक्ति ५० हजार मेगावॅटांवर पोहोंचली. ३० मे २०२४ रोजीं देशाची कमाल मागणी सुमारें अडीच लक्ष मेगावॅट झाली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा वांटा केवढा आहे तें कळतें. दुपारीं इतकी वीज आली कीं कोळशाच्या केंद्रांनीं मागें सरावें, आणि सूर्य मावळतांच दोनतीन तासांत त्यांनीं पुन्हां पूर्ण चढावें, अशी अपेक्षा उत्पन्न झाली. मोठ्या बाष्पकांस ही दगदग सोसवत नाहीं. एका मर्यादेखालीं त्यांचा जाळ स्थिर राहत नाहीं.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. सौर पट्टीकांत फिरणारें कांहींच नाहीं. त्यांतून निघालेली वीज विद्युत्-उपकरणांच्या द्वारें जाळ्यांत येते, आणि त्या उपकरणांस स्वतःचें वजन व गति नसते. पातींतील जड बैल कमी होत गेले, तर धक्का बसल्यावर सावरण्याची पूर्वीची सवड उरत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत २८ सप्टेंबर २०१६ रोजीं वादळानें तारांचे मनोरे पाडले. लागोपाठ बसलेल्या धक्क्यांनीं कांहीं पवनकेंद्रांनीं आपली वीज आवरती घेतली, कारण इतके धक्के बसले म्हणजे मागें हटावें अशी योजना त्यांच्या यंत्रांत आधींच करून ठेविली होती, आणि जाळें चालविणाऱ्यांस ती ठाऊक नव्हती. शेजारच्या राज्याशीं असलेल्या जोडमार्गावर सारा भार येऊन तोही सुटला, आणि साडेआठ लक्ष ग्राहक अंधारांत गेले. त्या राज्यानें पवनचक्क्या मोडल्या नाहींत. त्यांच्या यंत्रांतील योजना सुधारली, १०० मेगावॅटांची बॅटरी २०१७ च्या अखेरीस उभी केली, आणि पुढें वीज उत्पन्न न करतां केवळ वजनानें फिरत राहून जाळ्यास स्थैर्य देणारीं चार मोठीं यंत्रें बसविलीं.

स्पेन व पोर्तुगाल या देशांत २८ एप्रिल २०२५ रोजीं भर दुपारीं वीज गेली, तेव्हां ऊन लख्ख होतें व सौर वीज भरपूर होती. तेथें तारांतील दाब प्रमाणाबाहेर चढला आणि तो आवरण्याची तजवीज अपुरी पडली. दोष उन्हाकडे नव्हता. नव्या पाहुण्यास घरांत घेतांना घराची व्यवस्था बदलली नव्हती, हा दोष होता.

भारतांत तोलाची सर्वांत कठीण परीक्षा मात्र एका निराळ्याच प्रसंगीं झाली. साथीच्या टाळेबंदींत ५ एप्रिल २०२० रोजीं रात्रीं ९ वाजतां सर्वांनीं नऊ मिनिटें घरांतील दिवे मालवून पणत्या लावाव्या, असें पंतप्रधानांनीं आवाहन केलें. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटांनीं उतरेल असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत ती ३१,०८९ मेगावॅटांनीं उतरली. रात्रींचा समय, म्हणजे ऊन नाहीं. आणि औष्णिक केंद्रें इतक्या झपाट्यानें उतरणारीं नव्हेत. त्या रात्रीं पाणी उपयोगीं पडलें. नवाच्या आधीं औष्णिक केंद्रें हलकीं करून जलविद्युत् केंद्रें मुद्दाम जोरांत चालविलीं होतीं, ती कशासाठीं, तर वेळ येतांच त्यांस खालीं येण्यास जागा असावी म्हणून. देशभर त्यांच्या झडपा मिटल्या आणि सुमारें पंचवीस मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅटांची वीज पाण्यानें आवरली. मग दिवे लागूं लागतांच तींच केंद्रें पुन्हां चढलीं. आवर्तनें ४९.७० आणि ५०.२६ यांच्या बाहेर गेलीं नाहींत. घरोघरीं लोक पणत्यांकडे पाहत होते. त्या वेळीं भारप्रेषण केंद्रांतील माणसांची दृष्टि या एका आंकड्यावर खिळलेली होती.

पाण्याचा हा गुण वाढवितां येतो. दुपारीं उन्हाची वीज अधिक झाली कीं तिनें खालच्या तलावांतील पाणी वर चढवावें, आणि सायंकाळीं तेंच पाणी खालीं सोडून वीज घ्यावी, या युक्तीस उदंचन म्हणतात. चढवितांना खर्चलेल्या विजेंतील पांचवा ते चौथा हिस्सा या उलाढालींत जातो. तरी वाया जाणारी दुपार संध्याकाळच्या कामीं येते. भिरा येथें असें पाणी वर चढवूं शकणारें १५० मेगावॅटांचें यंत्र आहे, आणि अकोले तालुक्यांत घाटघर येथें २५० मेगावॅटांचा उदंचन प्रकल्प २००८ सालीं चालू झाला. त्याखेरीज बॅटऱ्या बसूं लागल्या आहेत. दिल्लींतील रोहिणी येथें १० मेगावॅटांची बॅटरी २०१९ सालीं जाळ्यास जोडली गेली. बॅटरी क्षणार्धांत धांवून येते. पाणी तासन् तास दम धरतें. दोघांचीही गरज आहे.

खप वळविणें हाही एक उपाय आहे, आणि त्यांत शेतकऱ्याचें हित गुंतलेलें आहे. विजेची ओढाताण टाळण्यासाठीं कृषिपंपांस पुष्कळदां रात्रींच्या पाळीस वीज मिळे, आणि शेतकऱ्यास साप व बिबट्या यांचें भय पत्करून काळोखांत पाणी द्यावयास जावें लागे. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं सौर कृषिवाहिनीची योजना काढली. गांवाजवळ सौर वीज उत्पन्न करावी आणि ती दिवसा पंपांस द्यावी, असा तिचा हेतु. दुपारची जादा वीज दुपारींच विहिरीवर खपली, तर जाळ्याचा तोल राहतो आणि माणसाची रात्र सुटते.

तथापि पाणी कितीही आज्ञाधारक असलें तरी तें अमर्याद नाहीं. कोयनेचें पाणी विजेसाठीं पश्चिमेस वळवावयाचें तें वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, अशी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादानें घालून दिली आहे. कारण पश्चिमेस उतरलेला प्रत्येक थेंब पूर्वेकडील कोरड्या शिवारास मुकतो. म्हणून एकदां वापरलेलेंच पाणी पुन्हां वर चढविण्याच्या योजनांकडे लक्ष वळलें आहे. २०२३ सालीं राज्यानें उदंचनासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं शिरवटा येथें १,८०० व भिवपुरी येथें १,००० मेगावॅटांच्या उदंचन प्रकल्पांचा करार जाहीर झाला. शंभर वर्षांपूर्वींचींच हीं नांवें. गिरण्यांसाठीं अडविलेलें पाणी उन्हाच्या विजेचा तोल राखण्यास पुढें येत आहे.

सह्याद्रीच्या कड्यांवर आणि दऱ्यांत असे आणखीही तलाव आंखले जात आहेत. ते जेथें व्हावयाचे तेथें कोणाचें तरी घर, कोणाचें तरी खाचर, कोणाचें तरी रान असणार. तारांतील तोल राखण्याची विद्या आज पुष्कळ वाढली आहे, आणि वारा व ऊन यांस जाळ्यांत सामावून घेणें अशक्य नाहीं, हें वर सांगितलेल्या प्रसंगांवरून स्पष्ट होतें. परंतु २०१२ सालीं जाळें कोसळलें तें ज्याच्या त्याच्या अधिक घेण्यानें, आणि २०२० सालीं तें तगलें तें ज्यास जेव्हां आवरतें घ्यावयाचें होतें त्यानें तेव्हां आवरल्यानें. मुळशीच्या मावळ्यांस मात्र त्यांचें म्हणणें न ऐकतां सर्वस्व सोडावें लागलें. नवीं धरणें बांधतांना जमीन देणाऱ्याचें म्हणणें आधीं ऐकलें जावें, त्याचा मोबदला पाणी चढण्यापूर्वीं त्याच्या हातीं पडावा, आणि त्याच्या गांवांत दिवा सर्वांच्या आधीं लागावा, एवढी तरी शिस्त पाळली गेली पाहिजे. पन्नास आवर्तनांचा हिशेब ठेवणारीं यंत्रें पुष्कळ झालीं आहेत. हा दुसरा हिशेब माणसांनींच ठेवावयाचा आहे.